बेचाळीस नंबरचं धुराडं

व्हर्नन स्टॉट थकलेला माणूस होता आणि मी त्याला आणखी थकवलं. हे आधीच सांगून मोकळी होते, म्हणजे मागाहून कोणी मला शहाणपण शिकवायला यायला नको.

इंग्लंडातल्या रॉचडेलमधली आमची हॅग स्ट्रीट म्हणजे एकमेकांना पाठ लावून, खांद्याला खांदा चिकटवून उभी असलेली बहात्तर घरं. गिरणीवाल्यांनी कामगारांसाठी बांधली. गिरणी गेली, कामगार गेले, घरं उरली. सगळी एकाच साच्यातली. पुढची खोली, मधली खोली, तिच्या मागे बोळाएवढं स्वयंपाकघर, वर झोपायच्या दोन खोल्या. त्या बोळात दोन बायका एकत्र उभ्या राहिल्या तर एकीने श्वास सोडल्यावर दुसरीने घ्यायचा. माझी आई आयुष्यभर भिंतीकडे तोंड करून बटाटे सोलत राहिली आणि घरातलं सगळं बोलणं तिने पाठीने ऐकलं. म्हणून सत्तरच्या दशकात लोकांच्या हातात जरा पैसा खुळखुळायला लागल्यावर सगळ्यांना एकच हवं झालं: मधली खोली आणि स्वयंपाकघर यांच्यातली भिंत काढायची, एक मोठी खोली करायची. आणि भिंत काढायची म्हणजे व्हर्ननला बोलवायचं.

व्हर्नन पंधराव्या वर्षी गिरण्या पाडणाऱ्या टोळीत लागला. त्यामुळे तो आधी पाडायला शिकला, बांधायला मागाहून. तो म्हणायचा, "बांधणाऱ्याला वाटतं सगळं आपण उभं केलंय. पाडणाऱ्याला कळतं कोण कोणाच्या खांद्यावर बसलंय ते."

त्याची कामाची पद्धत ठरलेली होती. भिंत काढायला आला की तो भिंतीकडे बघायचाच नाही. आधी वर जायचा. पलंग सरकवायला लावायचा, जमिनीच्या दोन फळ्या उचलायचा आणि खालच्या तुळया कुठल्या दिशेने जातात ते बघायचा. तुळया भिंतीवर येऊन टेकत असतील तर ती भिंत नुसती आडोसा नाही, ती वरचं अख्खं घर पेलते. काही दीडशहाणे भिंतीवर टकटक करतात आणि पोकळ आवाज आला की म्हणतात, ही काढा बिनधास्त. व्हर्ननला अशा माणसांचा भयंकर राग. या जुन्या घरांमध्ये लाकडी पट्ट्या आणि चुना थापून केलेल्या भिंती पोकळ वाजतात आणि तरीही वरचा मजला डोक्यावर घेऊन शंभर वर्षं उभ्या असतात. "तुझं डोकंपण पोकळ वाजतं," असं त्याने एका गवंड्याला भर रस्त्यात सुनावलं होतं, "म्हणून काढून ठेवू काय?"

वरचं बघून झालं की शेजारी. दोन्हीकडच्या शेजाऱ्यांच्या घरी जाऊन, चहा घेऊन, त्यांच्या बाजूने भिंत बघून यायचं. मग काम. भिंतीच्या वरच्या भागात भोकं पाडून त्यातून आडवे दांडे घालायचे, दांड्यांना दोन्ही बाजूंनी लोखंडी टेकू द्यायचे, टेकूंचे स्क्रू हळूहळू पिळत ते वर चढवत न्यायचे, आणि सगळा भार टेकूंवर आला की खालच्या विटा काढायच्या. दोन टोकांना काँक्रीटचे ठोकळे, त्यावर गर्डर. गर्डर आणि वरच्या विटा यांच्यातल्या फटीत पाटीच्या दगडाचे तुकडे ठोकून बसवायचे. काम चालू असताना वर झोपलेली सासू जागी झाली तर काम बिघडलं, असं त्याचं माप होतं.

हॅग स्ट्रीटवरची एकतीस घरं त्याने अशी उघडली. एकाही भिंतीला चीर नाही. हे एकतीस तो बोलता बोलता कुठेही काढायचा. डॉक्टरसमोरसुद्धा.

मी त्याला ओळखायला लागले तेव्हा तो सत्तरी ओलांडलेला होता. दोन्ही गुडघे गेलेले, उजवा कान ड्रिलने खाल्लेला, बायको म्युरियल वारलेली. सकाळी तो कपडे धुण्याच्या दुकानाबाहेरच्या बाकावर बसायचा, कारण तिथल्या यंत्रांची गरम वाफ भिंतीतल्या जाळीतून नेमकी त्याच्या गुडघ्यांवर यायची. मी भाडेकरूंची कामं करते. शाळा पंधराव्या वर्षी सोडली, भाड्याचा कायदा लायब्ररीत बसून वाचला, आणि वकिलांनी मला "बाई, तुमचं शिक्षण काय?" असं विचारलं की मी त्यांनाच त्यांच्या कायद्याचं कलम विचारते. आमच्या गल्लीत निम्मी घरं भाड्याची. कोणाच्या घरी ओल आली, कोणाला घर सोडायची नोटीस आली की माझं दार वाजतं.

त्या मार्चमध्ये दार वाजवलं विनी क्रॉम्प्टनने. बेचाळीस नंबरची विनी, वय एक्याऐंशी. लग्न होऊन या घरात आली, नवरा सिरिल याच घरातून गेला. घर पहिल्यापासून भाड्याचं. मालक तीनदा बदलले, विनी तीच.

"ग्लेनिस," ती दारातच म्हणाली, "चाळीस नंबरवाली माझं घर पाडतेय."

"कोण? ती नाहीद?"

"तीच. चिठ्ठी टाकलीय. माझ्या भिंतीला हात लावणार म्हणे. आणि त्यांचा कंत्राटदार आला होता माझं घर आतून बघायला. मी दार लावून घेतलं."

"बरं केलंस."

आता वाटतं, तेव्हा मी विचारायला हवं होतं की दार का लावून घेतलंस. नाही विचारलं. माझं डोकं तापायला एवढं पुरतं. नव्याने घर घेणारे येतात, घरं चकचकीत करतात, आजूबाजूची भाडी चढतात आणि म्हाताऱ्या बायका गल्लीबाहेर जातात, हे मी वीस वर्षं बघत होते. मी विनीची चिठ्ठी हातात घेतली आणि थेट चाळीस नंबरचं दार बडवलं.

नाहीद हॉस्पिटलात एक्स-रे काढते. दार उघडलं तेव्हा ती कामावरून आलेली, पायात अजून पांढरे बूट. मी तिला पायरीवरच फैलावर घेतलं. म्हातारीच्या जिवावर उठलीस का, तुला मोठं स्वयंपाकघर पाहिजे म्हणून शेजारणीने रस्त्यावर यायचं का, असं बरंच. गल्लीतले तीन पडदे हलले.

तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "झालं? आत या. अम्मीला भेटा."

तिची आई चाकाच्या खुर्चीत होती. स्वयंपाकघराचं दार अरुंद. खुर्ची त्यातून जात नव्हती. म्हातारी उंबऱ्याशी खुर्ची लावून बसली होती आणि आत गॅसवर आमटी उकळत होती. तिला ती दिसत होती, ढवळता येत नव्हती.

"तीन वर्षं," नाहीद म्हणाली. "चाळीस माणसांचं जेवण एकटीने करायची ती. आता मी घरी येईपर्यंत हिंग घालायचंय हे लक्षात ठेवून बसते."

"मोहरी जळतेय," तिची आई आतल्या बाजूला बघत म्हणाली. "या बाईंना बसायला सांग आणि आधी गॅस बंद कर."

मी बसले. लाज वाटली, पण तसं कबूल करायची माझी पद्धत नाही. मी नकाशा मागितला.

नकाशा नीट होता. इंजिनियरने केलेला. स्वयंपाकघराची भिंत काढून गर्डर, तो ठीक. पण खुर्ची फिरायला जागा हवी म्हणून मधल्या खोलीतलं धुराडंही काढायचं होतं. आमच्याकडे धुराडं म्हणजे शेगडीच्या मागून निघून वरच्या खोलीतून थेट छपराबाहेर जाणारा विटांचा जाडजूड खांब. दोन घरांची धुराडी सामाईक भिंतीच्या दोन्ही बाजूंना पाठीला पाठ लावून उभी असतात आणि छपरावर दोघांचं डोकं एकच. खालचा भाग काढायचा आणि वरचा राहू द्यायचा, तर वरचा अधांतरी लटकणार. मग त्याच्याखाली तिकोनी लोखंडी ब्रॅकेट सामाईक भिंतीत बोल्टने घट्ट बसवतात आणि वरचं ओझं त्यावर ठेवतात. इंजिनियरने तेच दाखवलं होतं. खाली बारीक अक्षरात सूचना: शेजारचं धुराडं शाबूत असल्याची खात्री करून घ्यावी.

"खात्री केली?" मी विचारलं.

"कंत्राटदाराने केली," नाहीद म्हणाली. "त्या बाईंनी आत घेतलं नाही, म्हणून त्याने रस्त्यावरून बघितलं. छपरावर दिसतंय ना, आहे म्हणाला."

मला त्यात वावगं वाटलं नाही. छपरावर आहे म्हणजे खालीही असणारच. असं आम्हा सगळ्यांनाच वाटतं. पण मला विनीसाठी काहीतरी खोट काढायचीच होती, आणि आमच्या गल्लीत भिंतीची खोट काढणारा एकच माणूस होता.

"मी रिटायर आहे," व्हर्नन बाकावरून म्हणाला.

"नुसतं बघायचंय."

"नुसतं बघायला वर चढावं लागतं. गुडघे तुझे देतेस?"

"अरे, विनीचा प्रश्न आहे. बेचाळीसमधली विनी. शेजारचं धुराडं काढतायत."

तो उठला. एकदम उठला. त्याचं हे उठणं मला समजायला हवं होतं.

नाहीदच्या घरी तो जिना चढायला पाच मिनिटं लागली. प्रत्येक पायरीवर थांबून तो जिन्याला शिव्या घालत होता. नाहीदची आई खालून म्हणाली, "तुमच्यासाठी पण खुर्ची मागवू का?" त्याला हसू आलं, पण वर गेल्यावर हसू गेलं. त्याने फळ्या उचलायला लावल्या नाहीत. झोपायच्या खोलीत धुराड्याच्या शेजारी सामाईक भिंतीवर त्याने तळहात ठेवला, आणि तसाच उभा राहिला. आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा.

"हे काढू नको, पोरी," तो नाहीदला म्हणाला.

"का? इंजिनियर म्हणतो..."

"इंजिनियरला जे सांगितलं त्यावर तो म्हणतो. थांब म्हणतोय मी. बास."

"मिस्टर स्टॉट, तुम्ही कारण सांगा, मी थांबते. अम्मीने अजून किती वर्षं उंबऱ्यावर बसायचं ते तरी सांगा."

त्याने कारण सांगितलं नाही. खाली उतरला, म्हातारीने पुढे केलेली भजी खाल्ली नाहीत, आणि बाहेर पडला. मी मागे धावले. तो बाकावर जाऊन बसला. वाफ येणाऱ्या जाळीकडे गुडघे वळवले.

"बत्तीस," तो म्हणाला.

"काय बत्तीस?"

"एकतीस नाहीत. बत्तीस."

मग त्याने सांगितलं. चौऱ्याऐंशी साल. सिरिल क्रॉम्प्टन त्याचा दोस्त. विनीला फ्रीज हवा होता आणि मधल्या खोलीत धुराड्याशिवाय जागा नव्हती. घर भाड्याचं. करारात लिहिलेलं, मालकाला विचारल्याशिवाय वीटही हलवायची नाही. मालक हो म्हणणार नाही हे सगळ्यांना माहीत. तेव्हा आमच्याकडे शनिवारची कामं चालायची. कागद नाही, पावती नाही, ज्याच्याकडे कामाला त्याच्याच गाडीतून आलेलं लोखंड, दिवसाभरात उरकायचं, रविवारी वर नक्षीचा कागद चिकटवून भिंत पहिल्यासारखी. व्हर्ननने एका शनिवारी बेचाळीसचं खालचं धुराडं काढलं आणि वरचं दोन ब्रॅकेटवर ठेवलं.

"चांगलं केलं होतं काम," तो म्हणाला. "बोल्ट भिंतीच्या आरपार. मागे चाळीसचं धुराडं होतं ना, तो जाड खांब. त्याच्या जिवावर ब्रॅकेट उभे. सिरिलला शब्द दिला, कोणाला सांगणार नाही. नाहीच सांगितलं. म्युरियललासुद्धा."

"आणि आता चाळीसचं काढलं तर?"

"तर मध्ये उरली फक्त नऊ इंचांची भिंत. जुन्या चुन्याची. एका बाजूने बेचाळीसचं वरचं धुराडं लोंबकळतंय, दुसऱ्या बाजूने चाळीसचं, वर छपरावर दोघांचं डोकं. दीड-दोन टन वजन, आणि खाली काही नाही." त्याने तळहात आडवा धरला आणि हळूच कलता केला. "लगेच नाही पडणार. आठवड्याने, वर्षाने. जोराचा वारा आला की. दोघींच्या पलंगांवर."

मी सांगून टाकते, त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार नाहीदचा आला नाही, तिच्या आईचाही नाही. विनीचा आला. विनीचा मालक कंपनी होता, तोंड नसलेला. जुन्या भाडेकरूंना काढायला तो निमित्त शोधत होता. जुन्या कायद्यातल्या भाडेकरूला असं सहज काढता येत नाही, पण परवानगीशिवाय घराचा आधार काढलाय हे कळलं तर कोर्टात त्याच्या हातात दगड मिळणार.

"तोंड बंद ठेव," मी म्हणाले. "नाहीदला सांगू, धुराडं राहू दे, खुर्चीसाठी दुसरीकडून रस्ता काढ."

"दुसरीकडून रस्ता नाही. मी बघितलं."

"मग काहीतरी..."

"ग्लेनिस." तो इतक्या थकलेल्या आवाजात म्हणाला की मी गप्प बसले. मी सहसा गप्प बसत नाही. "समज, ही पोरगी थांबली. पुढचा येणारा थांबेल? मी सत्त्याहत्तरचा. मी गेलो की त्या भिंतीत काय नाही, हे कोणालाच माहीत नसेल. चाळीस वर्षं ओझं पाठीवर घेऊन फिरतोय मी. आता पाठ राहिली नाही."

आम्ही विनीकडे गेलो. तिने व्हर्ननला आत घेतलं, मलाही. मधल्या खोलीत धुराड्याच्या जागी, जिथे आधी फ्रीज होता तिथे, आता गरम पाण्याचा बॉयलर होता, वर गुलाबी फुलांचा कागद. व्हर्ननने कागदावरून हात फिरवला आणि वाकून बघायला लागला.

"हात काढ," विनी म्हणाली.

"ब्रॅकेट बघू दे नुसते. गंजलेत का ते."

"चाळीस वर्षं नाही गंजले, आज गंजतील?"

"विनी, मला नगरपालिकेच्या बांधकाम तपासनिसाला सांगावं लागेल."

ती खुर्चीत बसली. कपाट उघडं होतं, तिने ते बसल्या बसल्या लावलं. "सिरिलला शब्द दिला होतास."

"दिला होता."

"मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडायला सोपा, नाही का? तो भांडायला येत नाही."

"विनी, तुझ्या पलंगावर पडेल ते."

"पडू दे. याच घरात मरायचंय मला. ते मला म्हाताऱ्यांच्या कुठल्यातरी इमारतीत नेऊन टाकतील, चौथ्या मजल्यावर, जिथे दारावरून कोणी जात-येत नाही. तिथे काय जगणार मी? आणि ग्लेनिस, तू गप्प का? तू माझ्या बाजूची ना?"

मी तिच्या बाजूचीच होते. पण भिंत कोणाची बाजू घेत नाही, हे मला त्याच दिवशी कळलं आणि त्याचा मला अजून राग येतो.

तपासनीस ओग्डनबाई गुरुवारी आल्या, नाहीदचं काम बघायला. नगरपालिकेची बाई, पण कामाची. व्हर्नन फुटपाथवर उभा होता. मी त्याला धरलं नव्हतं, तो आपल्या पायांवर उभा होता. विनी तिच्या दारात.

"बेचाळीसचं खालचं धुराडं नाहीये," तो ओग्डनबाईंना म्हणाला. "चौऱ्याऐंशी साली मी काढलं. परवानगी नव्हती. दोष माझा. या बाईला काही माहीत नव्हतं."

ते शेवटचं वाक्य खोटं होतं आणि आम्हा तिघांनाही ते माहीत होतं. विनीने दार लावून घेतलं.

पुढचं भराभर झालं. ओग्डनबाईंनी दार उघडायला लावलं, कागद फाडला, ब्रॅकेट बघितले. एक बोल्ट गंजून पोकळ झाला होता. त्यांनी काम थांबवलं आणि त्याच दिवशी टेकू द्यायला सांगितलं. नाहीदच्या कंत्राटदाराने टेकू आणले. व्हर्नन स्टुलावर बसून त्यांना सांगत होता. "फळ्यांवर नको टेकू, वेड्या. खाली पोकळ आहे. फळी काढ, मातीपर्यंत जा, खाली लाकडी ठोकळा घाल. आता पीळ. हळू. भिंतीला कळता कामा नये." चार लोखंडी टेकू विनीच्या मधल्या खोलीत उभे राहिले. विनी पुढच्या खोलीत पाठ फिरवून बसली होती.

सोमवारी मालकाच्या कंपनीची नोटीस आली. भाडेकराराचा भंग, घर रिकामं करावं, दुरुस्ती चालू असताना भाडेकरूने राहू नये. विनीने ती माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि चहा टाकायला गेली. शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मी त्या खोलीत टेकूंमधून वाकून वाकून चार फेऱ्या मारल्या. बॉयलरकडे बघत राहिले. बॉयलरच्या अंगावर पत्र्याची पट्टी होती, त्यावर कंपनीचा शिक्का आणि बसवल्याचं साल: एक्क्याण्णव. शिक्का मालकाच्या कंपनीचाच. याच कंपनीने बॉयलर पाठवला होता. त्यांचा माणूस येऊन, धुराडं नसलेल्या जागेत, त्या रिकामेपणात बॉयलर बसवून गेला होता. मापं घेऊन. म्हणजे त्यांना तेव्हाच दिसलं होतं, आणि ते तीस वर्षं भाडं घेत राहिले होते.

मी त्या पट्टीचा फोटो काढला आणि पत्र लिहिलं. दोनच ओळींचं. तुमच्या माणसाने १९९१ साली या जागेत बॉयलर बसवला तेव्हा धुराडं कुठे आहे हे त्याने तुम्हाला विचारलं होतं का? आणि नसेल विचारलं, तर आपण कोर्टात विचारू या का?

नोटीस मागे घेतली गेली. मी एवढीच फुशारकी मारते, बाकी मारायला काही नाही.

दुरुस्तीचा निर्णय ओग्डनबाई, नाहीदचा इंजिनियर आणि व्हर्नन यांनी एकत्र घेतला. इंजिनियरला आधी मोठा गर्डर घालायचा होता. व्हर्नन म्हणाला, "पेलायला कोण सांगतंय? शेगड्या कोणी पेटवतं का आता? वजनच काढा." त्याचं पटलं. छपरापासून खाली दोन्ही धुराडी वीटन् वीट उतरवायची, छपर बंद करायचं, वरच्या खोल्यांमधली भिंत सारखी करायची. नाहीदच्या बाजूला खर्च वाढला, ती काही बोलली नाही. विनीच्या बाजूचा खर्च कंपनीला उचलावा लागला, ते बरंच बोलले.

विनीला सहा आठवडे बाहेर राहायला सांगितलं. ती म्हणाली, बाहेर गेले की परत येणार नाही हे मला माहीत आहे. आणि गेली नाही. पुढच्या खोलीत पलंग लावून, धुळीत, टेकूंच्या पलीकडे, ती सहा आठवडे राहिली. कामावरच्या माणसांना तिने चहा दिला. व्हर्ननला नाही. तो रोज येऊन रस्त्यावर उभा राहायचा आणि वरून उतरणाऱ्या विटा बघायचा. पाय दुखले की समोरच्या कठड्यावर बसायचा. ती खिडकीतून त्याच्याकडे बघायची नाही. पडदा मात्र उघडा ठेवायची.

"हिच्याशी बोल ना," मी त्याला एकदा म्हणाले.

"काय बोलू? मी बरोबर होतो म्हणून सांगू?"

"निदान माफी माग."

"कशाची? काढल्याची का सांगितल्याची?" त्याने गुडघा चोळला. "दोन्हीची मागायला लागेल. तेवढा दम नाही आता."

शेवटच्या दिवशी टेकू काढायचे होते. टेकू हळूहळू सैल करत जायचे आणि भिंतीला कान लावायचा, हे काम व्हर्ननचंच. कंत्राटदार म्हणाला, मिस्टर स्टॉट, तुम्हीच या. व्हर्नन बेचाळीसच्या दारात उभा राहिला आणि आत गेला नाही. विनी आतून आली.

"काय, आमंत्रण पाठवू?" ती म्हणाली. "पाय पूस आणि ये."

त्याने पाय पुसले. बराच वेळ पुसत राहिला. आत गेला, डावा कान भिंतीला लावला, आणि कंत्राटदाराने चारही टेकू एकेक करून सैल केले. भिंतीतून काही आवाज आला नाही. छतातून थोडी धूळ पडली, तेवढीच. व्हर्ननने मान हलवली. विनीने त्याला बसायला सांगितलं नाही. तोही बसला नाही.

शेजारून नाहीदची आई कोणाला तरी ओरडत होती की कढईत तेल जास्त झालंय. आवाज त्या नऊ इंचांच्या भिंतीतून स्पष्ट येत होता.

"हे रोज असंच ऐकू येणार आता?" विनीने विचारलं.

"येणार," व्हर्नन म्हणाला. "धुराडं होतं तेव्हा अडायचं."

"बरं," विनी म्हणाली, आणि आम्हा दोघांना जाऊ दिलं.

घरी परतताना तो तीनदा थांबला. तिसऱ्यांदा मी म्हटलं, माझा हात धर. त्याने धरला. चाळीस वर्षांचं ओझं उतरल्यावर माणूस हलका होतो असं म्हणतात. तसं काही मला वाटलं नाही. तो जड होता, नुसता दमलेला होता, आणि चालत होता.